विषय नीट निवडा, मग मुलांना भांडू द्या

वादविवाद स्पर्धा घेणाऱ्या शिक्षकांना कळकळीची विनंती आहे. यंदा ‘मोबाइल शाप की वरदान’ बाजूला ठेवा आणि आठवी-नववीच्या मुलांना हा विषय द्या : शाळाप्रवेशासाठी गोवर-रुबेलाची लस सक्तीची असावी का?

विषय नेमक्या याच शब्दांत द्या. ‘लस चांगली की वाईट’ असं विचारलंत, तर विज्ञानाने निकाली काढलेल्या गोष्टीलाही दोन तुल्यबळ बाजू आहेत असं मुलांना वाटेल. सक्तीचा प्रश्न मात्र खरोखर खुला आहे. पालकांचा हक्क मोठा, की आजारपणामुळे ज्याला लस देताच येत नाही अशा वर्गमित्राचा जीव? इथे शहाणी माणसंही दोन्हीकडे सापडतात.

२०१८च्या अखेरीस राज्यभर शाळाशाळांतून ही लस दिली गेली, तेव्हा व्हॉट्सअ‍ॅपवरच्या अफवांनी कितीतरी पालक बिथरले होते. २०२२ मध्ये मुंबईत, विशेषतः गोवंडी भागात, गोवर पसरला आणि लहान मुलं दगावली. हे सगळं आपल्या दारातलं आहे.

तयारीला आठवडाभर द्या. अट एकच : प्रत्येक दावा कुठून आला ते सांगायचं. ‘लशीने ऑटिझम होतो’ असा फॉरवर्ड कुणी मुलगी घेऊन येईल. तिला रागावू नका, माग काढायला लावा. ती अँड्र्यू वेकफिल्ड या ब्रिटिश डॉक्टरच्या, ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकातल्या १९९८च्या निबंधापाशी पोचेल. फक्त १२ मुलांवरचा निबंध! ब्रायन डीअर या पत्रकाराने त्यातली लबाडी खणून काढली, २०१० मध्ये ‘लॅन्सेट’ने तो मागे घेतला आणि ब्रिटनने वेकफिल्डचं नाव डॉक्टरांच्या नोंदणीतून काढलं. डेन्मार्कमध्ये साडेसहा लाखांहून अधिक मुलांच्या नोंदी तपासल्या, तेव्हा लस घेतलेल्यांत ऑटिझम जास्त आढळला नाही. १२ आणि साडेसहा लाख हे आकडे तिच्याच हाताने फळ्यावर शेजारी-शेजारी लिहवून घ्या.

सक्तीच्या बाजूने बोलणाऱ्यांनाही सूट नको. ‘लशीचा कसलाच त्रास होत नाही’ हेही खोटंच आहे. काही मुलांना ताप येतो, अंगावर पुरळ उठतं. ऐन वेळी चिठ्ठ्या टाकून बाजू ठरवा, म्हणजे दोन्हीकडचं वाचावंच लागेल. गावातल्या आशाताईंना परीक्षक म्हणून बोलवा, पालकांना ऐकायला बसवा. आवाजाला आणि हातवाऱ्यांना गुण कमी ठेवा. ‘याला आधार मिळाला नाही, म्हणून मी हे सांगत नाही’ असं म्हणणाऱ्या मुलाला भरभरून द्या.