वीणा आणि हार्प
युसूफ वडगावसारख्या गावात हरिनाम सप्ताहात विणेकरी बदलतो, पण वीणा खाली टेकत नाही. नामवंत हार्पवादकांच्या कारकिर्दींत मला तशीच निष्ठा दिसते. 47 तारा, 7 पेडल आणि वाद्यवृंदात बराच वेळ आपल्या पाळीची वाट! पॅरिसची लिली लास्किन 1909मध्ये, कोवळ्या वयात, तिथल्या ऑपेराच्या वाद्यवृंदात शिरली. ती त्यातली पहिली स्त्री. स्पेनच्या निकानोर साबालेताने एकलवादनालाच वाहून घेतलं. संगीतकार रोद्रिगोने 'कन्सिएर्तो सेरेनाता' लिहिलं ते त्याच्यासाठी. असा वादक असला की वाद्यासाठी नवं संगीत जन्मतं. आपल्याकडेही हार्पच्या घडणीची कमानी वीणा होती. भाज्याच्या लेण्यात ती कोरलेली आहे. तिची परंपरा आपण जपली नाही, याची मला फार हळहळ वाटते.