‘आयदर’ की ‘फॉर्मर’?

मैत्रिणींनो, ‘बँकेत आमचं दोघांचं खातं आहे,’ असं आपण किती निर्धास्तपणे सांगतो! पण पासबुकाच्या पहिल्या पानावर नावांच्या जवळ इंग्रजीत काय लिहिलंय, ते वाचलंय कधी? शब्द दिसायला सारखे, पण ऐन वेळी अर्थात जमीन-अस्मानाचा फरक!

आयदर ऑर सर्व्हायव्हर : आयदर म्हणजे दोघांपैकी कुणीही एक आणि सर्व्हायव्हर म्हणजे मागे राहिलेली व्यक्ती. यजमान परगावी असले तरी तुमच्या एकटीच्या सहीवर पैसे निघतात. दोघांतलं एक गेलं, तर बँक उरलेल्याला पैसे देते.

फॉर्मर ऑर सर्व्हायव्हर : फॉर्मर म्हटलं की आपल्याला ‘माजी’ आठवतो, माजी मंत्री म्हणतात तसा. इथे मात्र त्याचा अर्थ ‘पहिला’. पहिलं नाव यजमानांचं असेल, तर ते हयात असेपर्यंत व्यवहार त्यांनीच करायचा. ते इस्पितळात बेशुद्ध असले आणि तुम्हाला पैशांची निकड असली, तरी नुसती तुमची सही चालत नाही. दुसरं नाव असून नसल्यासारखंच की!

जॉइंटली : प्रत्येक वेळी दोघांच्या सह्या हव्यात. पुढे ‘ऑर सर्व्हायव्हर’ ही शेपटी नसेल, तर एकाच्या पश्चात दुसऱ्याला एकट्याने पैसे काढता येत नाहीत. गेलेल्याच्या वारसांनाही सोबत घ्यावं लागतं.

नॉमिनी आणि लीगल एअर : यांत तर हमखास घोटाळा होतो. नॉमिनी म्हणजे पैसे बँकेने कुणाच्या हाती द्यायचे ती व्यक्ती. लीगल एअर म्हणजे कायदेशीर वारस, ज्याचा त्या पैशांवर हक्क असतो. बँकेतल्या ठेवीचा नॉमिनी हा आपोआप मालक होत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने 2010 साली स्पष्ट केलं आहे. 1 नोव्हेंबर 2025 पासून बँक खात्याला चार जणांपर्यंत नॉमिनी नेमता येतात, हेही ध्यानात असू द्या.

मुदत ठेवीची पावतीही जरूर पाहा बरं का! ‘आयदर’ लिहिलेलं असलं, तरी मुदतीआधी ठेव मोडायची झाली तर बँक दोघांच्या सह्या मागू शकते. एकाच्या पश्चात उरलेल्याला ती मुदतीआधी मोडता यावी, अशी वेगळी सूचना दोघांनी मिळून आधीच लिहून देता येते.

तेव्हा या आठवड्यात एवढं कराच. सगळी पासबुकं आणि पावत्या एकत्र काढा आणि प्रत्येकीवर काय लिहिलंय ते वहीत टिपून ठेवा. कुठे लिहिलेलं दिसलं नाही, तर बँकेत विचारा. बदल हवा असेल तर दोघांच्या सह्यांचा अर्ज द्यावा लागतो, म्हणून हे काम दोघं धडधाकट असतानाच उरकावं. ‘कशाला अभद्र बोलतेस?’ असं घरात कुणी म्हणेलही. त्यांना सांगा, यात अभद्र काही नाही. हीसुद्धा घराची तजवीजच आहे, अगदी वर्षाचे गहू भरून ठेवतो तशी!