दोष पावसाचा नव्हे, नियोजनाचा

संपादक महाशय,

कर्जत-खालापूर पट्ट्यातील गृहसंकुले रखडतात ती पावसाळ्यामुळे व लावणीसाठी गावी जाणाऱ्या मजुरांमुळे, हे गतांकातील पत्रलेखकांचे प्रतिपादन ग्राह्य वाटत नाही. कारण जे दरसाल ठरल्या वेळी येते ती आपत्ती नसून वेळापत्रकाचाच भाग होय, आणि जोते मृगापूर्वी उरकून, स्लॅब भरून झालेल्या मजल्यांतील गिलावा पावसासाठी राखून ठेवणे अशक्य नाही.

नियोजनाचा एक जुना दाखला पाहावा. बोरघाटाच्या लोहमार्गाचे कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल १८५९ साली निवर्तले असता त्यांच्या पत्नी अ‍ॅलिस यांनी जाणत्या अभियंत्यांकरवी काम तडीस नेले व १८६३ साली घाट वाहतुकीस खुला झाला. परंतु त्याच मार्गावरील एक दगडी पूल १८६७ च्या पावसाळ्यात ढासळला. सबब, काम वेळेत होणे आणि पक्के होणे या दोन्ही गोष्टी स्वतंत्रपणे तपासाव्या लागतात.

गृहसंकुलांच्या बाबतीत अशा तपासणीची सोय कायद्यातच आहे. स्थावर संपदा कायद्यान्वये ग्राहकांच्या रकमेपैकी ७० टक्के हिस्सा स्वतंत्र खात्यात ठेवावा लागतो व तो अभियंता, वास्तुविशारद आणि सनदी लेखापाल यांच्या दाखल्यांविना काढता येत नाही. हे दाखले कचेरीत बसून नव्हे, तर जागेवर मोजमापवही पडताळून दिले जावेत, एवढाच आमचा आग्रह आहे.

आपला,
एक वाचक, कर्जत