चार शब्दांना एक शब्द

3 ऑक्टोबर 2024 रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. महाराष्ट्राला आनंद झाला आणि तो योग्यच होता. आमच्या मोर्शी तालुक्याला तर तो दुप्पट व्हायला हवा. म्हाइंभटांनी तेराव्या शतकात जेथे लीळाचरित्र सिद्ध केले ते रिद्धपूर आमच्याच तालुक्यातले, आणि मराठी भाषा विद्यापीठही तेथेच आले. 2024 सालीच त्याला पहिले कुलगुरू लाभले. दर्जा आला, विद्यापीठ आले. आता प्रश्न एवढाच उरतो, की याच तालुक्यातल्या पोराला आपल्या बापाच्या बहिणीच्या नवऱ्याला काय म्हणावे हे ठाऊक आहे काय? आतोबा म्हणा, फुवाजी म्हणा, काहीतरी म्हणा! तो म्हणतो, अंकल. मामाही अंकल, मावशीचा नवराही अंकल, बापाचा दोस्तही अंकल, आणि दारावर गॅसची टाकी घेऊन येणाराही अंकल. वर्गात मी एकाला विचारले, ''अंकल म्हणजे कोण रे?'' तो म्हणाला, ''अंकल म्हणजे अंकल, सर.'' व्याख्या म्हणून हे उत्तर निर्दोष आहे.

प्रारंभीच सांगून टाकतो, मी भाषाशुद्धीवाला नव्हे. शिवाजी महाराजांच्या काळी राज्यव्यवहारकोश झाला, पुढे सावरकरांनी शुद्धीचे निशाण उभारले. ज्यांनी फार्शी-मराठी कोश केला त्या माधव जूलियनांनीच नंतर 'भाषाशुद्धिविवेक' लिहिला. त्यातून महापौर आले, दिनांक आला, आणि ते आपण आनंदाने वापरतो. पण तारीख काही मेली नाही, वकील मेला नाही आणि वारसही मेला नाही. टेबल, रेल्वे, मोटार हे शब्द वस्तूबरोबर आले. पाहुण्याने आपले अंथरूण बरोबर आणावे तसे. त्यांच्याशी माझे भांडण नाही. माझे शिक्षण मॅट्रिकपुढे गेले नाही, इंग्रजी बेताचेच. परंतु त्या भाषेचा मला द्वेष नाही. माझे भांडण आहे ते अशा शब्दांशी, की जे एक येतात आणि चार घालवतात. आणि घालवतात तेही नेमके कोठे, तर घरात.

कझिन घ्या. मराठीत चुलतभाऊ, मामेभाऊ, आतेभाऊ, मावसभाऊ. बहिणीही तशाच चार. एका कझिनने आठांची सोय लावली. कोणी म्हणेल, बरे झाले, ओझे कमी झाले. पण हे शब्द कोणी हौसेने केले नव्हते. इरावती कर्वे यांनी 1953 साली भारतातील नात्यांच्या रचनेवर इंग्रजीतच ग्रंथ लिहिला, त्यात हा विषय सविस्तर आहे. महाराष्ट्रातल्या कित्येक जातींत मामाची मुलगी करणे चालते, नव्हे, पसंत पडते. आत्याची मुलगी मात्र वर्ज्य. मामेबहीण आणि आतेबहीण या दोन शब्दांच्या मधल्या फटीत लग्नाची अख्खी रीत उभी आहे. ती रीत चांगली की वाईट हा वाद निराळा. डॉक्टर तिच्याविरुद्ध बोलतात आणि मला त्यांचे पटते. परंतु जी मोडायची ती गोष्ट डोळ्यांना दिसावी तरी लागते.

याहून गंभीर प्रकार पुतण्या आणि भाचा यांचा. दोघेही नेफ्यू! वऱ्हाडातल्या शेतकऱ्याला जाऊन सांगा. पुतण्या हा भाऊबंद. त्याचा धुरा आपल्या धुऱ्याला लागलेला, त्याच्याशी वाटणी, त्याच्याशी कज्जा. भाचा सुट्टीत येणार, संत्री खाणार आणि मामाकडून कपडे घेऊन जाणार. निदान पूर्वी असे होते. पुढे 1994 साली महाराष्ट्राने आणि 2005 साली साऱ्या देशाने हिंदू मुलीला वडिलार्जित मिळकतीत मुलाइतकाच जन्मसिद्ध हक्क दिला. आता भाचाही आपल्या आईच्या मागून धुऱ्यावर येऊ शकतो. म्हणून तर घरोघरी हक्कसोडपत्रे होतात. बहीण माहेरी येते, चहा होतो, कागद पुढे केला जातो, आणि भाऊ म्हणतो, ''सॉरी ताई, जरा फॉर्मॅलिटी आहे.''

हे वाक्य मी पुष्कळ ठिकाणी ऐकले आहे आणि माझ्या मते साऱ्या रोगाची नाडी येथे सापडते. या गृहस्थाला मराठी येत नाही काय? येते. दिवसभर तो वऱ्हाडीच बोलतो. बैलाशी, मजुराशी, अडत्याशी. मग येथेच इंग्रजी का आठवले? कारण मराठीत त्याला म्हणावे लागले असते, ''बाई, तुया वाटा मी घेतो.'' हे बोलताना जीभ अडखळते, आणि अडखळावीच. इंग्रजी शब्दाने ती अडचण दूर केली. वाटा गेला तो गेलाच, पण तो घेतला असे कोणी म्हणाले नाही.

सॉरीविषयी आणखी थोडे. चुकीनंतर माणसाच्या मनात जे जे होते त्याला आपल्याकडे किती शब्द आहेत पाहा. संधी हुकली की चुटपुट. दुसऱ्याचे वाईट झाले की हळहळ. करायचे राहून गेले की रुखरुख. बरेच दिवस टिकली की खंत. आपल्या हाताने घडले तर पस्तावा, आणि तो आतपर्यंत गेला तर पश्चात्ताप. सभेत दिलगिरी, तीही फार्शीतून आलेली, आणि पाहा, किती बेमालूम नांदते! माणसासमोर माफी, देवासमोर क्षमा. आणि या सर्वांहून अवघड असा साधा शब्द, 'चुकलो'. त्यात 'मी' लपता येत नाही. क्रियापदालाच तो चिकटलेला असतो. सॉरीत कोणीच नसतो. बसमध्ये पायावर पाय पडला तरी सॉरी, आणि म्हाताऱ्या बापाला दवाखान्यात न्यायला सहा महिने उशीर झाला तरी सॉरीच.

इंग्रजांवर याचा दोष ढकलू नये. त्यांच्याकडे रिग्रेट आहे, रिमोर्स आहे, अपॉलॉजी आहे. त्यांच्या कादंबऱ्या या भेदांवरच उभ्या आहेत. आपण त्यांची तिजोरी उघडली नाही, फक्त गल्ल्यावरची चिल्लर उचलली. 2000 सालापासून आमच्या शाळांत पहिलीपासून इंग्रजी शिकवले जाते. त्यातून मुलांना इंग्रजी वाक्य किती आले ते मी रोज पाहतो. शब्द मात्र पुष्कळ आले.

आता प्रतिपक्षाचे ऐकू. माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याने मला सरळ विचारले, ''गुरुजी, तुमच्या वरच्या आळीतल्या पोरांनी माह्या आज्याले कधी काका म्हटलं होतं काय?'' प्रश्न बिनतोड आहे. नव्हते म्हटले. सत्तरीच्या म्हाताऱ्याला दहा वर्षांचे पोर 'अरे' म्हणत असे, आणि गावनाते, गावनाते म्हणून आपण ज्याचे गोडवे गातो ते गावकुसाशी येऊन थांबत असे. आज त्याच घरातले पोर रस्ता झाडणाऱ्याला अंकल म्हणते. हा शब्द जात विचारत नाही, हे मी मान्य करतो. परंतु मी त्या विद्यार्थ्याला म्हटले ते असे, की बाबा, तुझ्या आज्याला काका न म्हणणाऱ्यांनी तुझ्या बापाला अंकल म्हटले, यात त्यांनी दिले काय? आपल्या सख्ख्या काकाला ठेवलेला शब्द त्यांनी घरातच ठेवला आणि बाहेर वाटायला दुसरा आणला. तो हसला, त्याला पटले असे नाही. म्हणाला, ''काही नाही त्याच्यापेक्षा बरं.''

रिद्धपूरची कथा येथे आठवते. तेथले श्रीगोविंदप्रभू मातंगांच्या घरीही जात-येत, आणि गावातले लोक त्या राऊळाला माय म्हणत, बापही म्हणत. एकाच माणसाला दोन्ही! तेराव्या शतकातल्या वऱ्हाडाला जे नाते द्यायला जड गेले नाही, ते आपल्याला का जाते, याचे उत्तर शब्दकोशात नाही.

दुसरा आक्षेप स्त्रियांचा, आणि तेथे मी माघार घेतो. नवऱ्याने सोडलेल्या बाईला आमच्या बोलीत 'टाकलेली' म्हणतात. जणू फुटके मडके. घटस्फोट या शब्दातही मडकेच आहे. ज्याला जातीबाहेर काढायचे त्याच्या नावाने घट फोडण्याचा जुना विधी होता. 1980 नंतरच्या काळात महाराष्ट्रात या स्त्रियांची चळवळ झाली, तिने परित्यक्ता हा शब्द लोकांपुढे आणला. त्यातही टाकणारा दुसराच. अशी बाई उद्या कचेरीत ताठ मानेने म्हणाली, ''मी डिवोर्सी आहे,'' तर तिला मराठीचा पाठ देणारा मी कोण? तिने त्या शब्दाचा आडोसा घेतला तो मार चुकवण्यासाठी. हक्कसोडपत्रवाल्या भावाने घेतला तो मारण्यासाठी. दोन्ही शब्द इंग्रजी, एवढ्यावरून दोघांना एका पंक्तीला बसवता येणार नाही.

लाइफस्टाइलवर फार शाई खर्चावी असे त्यात काही नाही. राहणी हा शब्द होता. तिला साधी किंवा थाटाची असे विशेषण लावता येई. लाइफस्टाइल विकत मिळते. 2023 हे संयुक्त राष्ट्रांनी भरड धान्यांचे वर्ष म्हणून पाळले, तेव्हापासून ज्वारीचे मिलेट झाले. सोयाबीनसाठी जी ज्वारी आपण शेतातून काढली, तिची बिस्किटे करून आता शहरात विकतात. भाकर खाणारी म्हातारी मागासलेली, बिस्किट खाणारी सून आरोग्याबाबत जागरूक!

पण एक शब्द मला खरोखर भिववतो, तो टेन्शन. काळजी, घोर, धास्ती, विवंचना, हुरहूर, सगळ्यांचे काम आज हा एकटा करतो. आमचा अमरावती जिल्हा शेतकऱ्यांच्या आत्महत्यांसाठी देशभर ठाऊक झाला. पश्चिम विदर्भातल्या या मृत्यूंची सरकारी नोंद 2001 पासून आहे. त्याची कारणे भावात आहेत, कर्जात आहेत, पाण्यात आहेत, 2017 साली कपाशी खाऊन गेलेल्या गुलाबी बोंडअळीत आहेत. एका शब्दाने माणूस मरतो असे म्हणण्याइतका मी खुळा नाही. मी फक्त पारावर काय ऐकू येते ते सांगतो. एखादा म्हणतो, ''लय टेन्शन आहे बाप्पा.'' ऐकणारा म्हणतो, ''टेन्शन घेऊ नको,'' आणि तंबाखू मळतो. बोलणे तेथे संपते. तोच जुन्या पिढीतला कोणी म्हणाला, ''जिवाले घोर लागला,'' तर समोरचा तंबाखू तशीच हातात ठेवून विचारतो, ''कायचा?'' मग एकेक बाहेर येते. आंबिया बहाराची गळ, सोसायटीचे कर्ज, पोरीची सोयरीक, आणि सर्वांत शेवटी, मान खाली घालून, ते जे घरात कोणालाच सांगितलेले नसते.