वाळवण आपलं, परवाना कोणाचा?

तांदळाच्या फेण्या करणाऱ्या बाईला हे तंत्र नवं नाही. पीठ भिजवायचं, पानावर पातळ पसरायचं, वाफवायचं, अलगद सोडवून वाळवायचं. प्रयोगशाळेत पिष्टापासून कुजणारा पापुद्रा करतात तो साधारण याच रीतीने. पिष्ट पाण्यात शिजवतात, वाळल्यावर तडकू नये म्हणून थोडं ग्लिसरीन घालतात, आणि पसरून सुकवतात. तिथे त्याला संशोधन म्हणतात. आपल्याकडे ते ‘बायकांचं वाळवण’.

२०१८ साली महाराष्ट्रात प्लास्टिकबंदी आली. पहिल्या गुन्ह्याला ५,००० रुपये दंड. पिशव्या बनवणारा गाळेवाला आणि बाजारात बसणारी भाजीवाली एकाच मापाने मोजले गेले. म्हणून प्लास्टिकला पर्याय काय, हा प्रश्न बायकांचाही आहे.

कच्चा माल कमी नाही. वेफर्ससाठी बटाट्याचे काप धुतलेल्या पाण्याखाली पांढरा साका बसतो. आमरसाच्या कारखान्यांत कोयींचे ढीग पडतात आणि कोयीच्या गरात पिष्ट भरपूर असतं. मात्र भातगिरणीतली कणी ‘टाकाऊ’ मालाच्या यादीत घालायला आपण ठाम विरोध केला पाहिजे. कणीच्या पेजेवर कितीतरी घरं जगली आहेत. तिला कारखान्याचं गिऱ्हाईक मिळून भाव चढला, तर घरात शेवटी जेवणारीच्या ताटातलं आधी जाईल.

भाबडेपणाही नको. निव्वळ पिष्टाचा पापुद्रा ओलाव्याने लिबलिबीत होतो, त्यात मासे बांधता येणार नाहीत. म्हणून बाजारातल्या कुजणाऱ्या पिशव्यांत पिष्टाबरोबर दुसरे पदार्थ मिसळलेले असतात. शिवाय २०१६ च्या नियमांप्रमाणे अशी पिशवी विकण्याआधी केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचं प्रमाणपत्र घ्यावं लागतं. खरी गोम इथेच आहे. चाचण्या आणि कागदपत्रं एकट्या बचत गटाला पेलत नाहीत. ज्याच्याकडे भांडवल तो परवाना घेणार, आणि बायका पुन्हा रोजंदारीवर पॅकिंगच्या टेबलापाशी.

१९५९ साली गिरगावात सात जणींनी ८० रुपये उसने घेऊन लिज्जत पापड सुरू केला, तेव्हा लाटणारीच मालकीण राहील अशी रचना केली. इथेही तीच हवी. गटांनी मिळून सहकारी संस्था काढावी, परवाना संस्थेच्या नावावर असावा आणि चाचण्यांचा खर्च शासनाने उचलावा, ही मागणी आत्ताच लावून धरायला हवी. सुरुवात सुक्या मालापासून करता येईल. वसईजवळचं जूचंद्र रांगोळीकारांचं गाव म्हणून ओळखलं जातं. रांगोळीच्या पुड्या तिथल्या गटांनी आधी करून बघाव्यात.