षष्ठी विभक्ती आणि ग्रेगरी

'माझी वही', 'माझी सायकल' आणि 'माझी मैत्रीण' या तिन्हींना मराठीत एकच षष्ठी विभक्ती लागते. व्याकरणाला त्यात काही वावगे वाटत नाही. पण वयाच्या सोळाव्या-सतराव्या वर्षी पुष्कळ मुलांची गफलत होते ती नेमकी येथेच. वही आणि सायकल जशी आपली, तशी ज्या मुलीकडे आपले लक्ष गेले तीही आपलीच, असे ती धरून चालतात. आपल्या लोकप्रिय चित्रपटांनी हा समज भरपूर पोसला आहे. नायकाने पाठलाग करावा, नायिकेने आधी रागवावे आणि तिसऱ्या गाण्यापर्यंत विरघळावे, हा तेथला शिरस्ता. मुलीच्या 'नाही'चा अर्थ 'अजून थोडे' असा लावायला शिकवणारी ही शाळा बारा महिने भरते आणि तिची हजेरी कधी कमी होत नाही.

म्हणूनच बिल फोर्साइथ या स्कॉटिश दिग्दर्शकाच्या 'ग्रेगरीज गर्ल' (१९८१) या छोट्या चित्रपटाविषयी लिहावेसे वाटते. याच्या नावातही षष्ठीच आहे. मराठीत शब्दशः भाषांतर करू गेले तर 'ग्रेगरीची मुलगी' होते आणि सोळा वर्षांच्या ग्रेगरीला एकदम बापाचे पद मिळते! तो विनोद सोडला तरी प्रश्न उरतोच : ग्रेगरीची ती मुलगी कोणती? चित्रपटाचे उत्तर असे की, कोणतीही मुलगी 'ग्रेगरीची' नसते. फार तर ती एखाद्या संध्याकाळी, आपल्या मर्जीने, त्याच्याबरोबर असते. हे कळणे म्हणजेच वयात येणे, असे माझ्या मते हा चित्रपट सांगतो; आणि भाषण न करता, हसत हसत सांगतो.

हे ज्या मंडळींनी पडद्यावर आणले त्यांच्यापाशी पैसा बेताचाच होता. फोर्साइथने ही पटकथा आधीच लिहून ठेवली होती, पण भांडवल मिळेना. तेव्हा त्याने ग्लासगोच्या युवा रंगभूमीवरील हौशी मुलांना हाताशी धरून 'दॅट सिंकिंग फीलिंग' (१९७९) हा चित्रपट जवळजवळ उसनवारीवर काढला. तो लोकांना आवडला आणि मग 'ग्रेगरी'साठी सुमारे दोन लाख पौंड उभे राहिले. इंग्रजी चित्रपटांच्या हिशेबात ही रक्कम किरकोळच. चित्रीकरण झाले ग्लासगोजवळच्या कंबरनॉल्डमध्ये. युद्धानंतर, १९५५ साली, योजून वसवण्याचे ठरलेले हे नवे गाव. स्कॉटलंड म्हटले की डोळ्यांपुढे येणारे किल्ले आणि धुके येथे नाही. सिमेंटच्या इमारती, पादचाऱ्यांसाठी भुयारी वाटा, हिरवळीचे तुकडे आणि एक साधी सरकारी शाळा, एवढेच. पुढे या चित्रपटाच्या पटकथेला ब्रिटिश अकादमीचे पारितोषिक मिळाले. गरिबीत केलेल्या कामाला मिळालेले हे यश कोणत्याही हौशी नाट्यमंडळाने ध्यानात ठेवण्याजोगे आहे.

कथा म्हणावी तर चार ओळींची. ग्रेगरी हा उंच, किडकिडीत, स्वतःच्याच पायांत पाय अडकणारा मुलगा. शाळेचा फुटबॉल संघ एकामागून एक सामने हरतो आहे. खेळाचे शिक्षक नव्या खेळाडूंची चाचणी घेतात, तेथे डोरोथी नावाची मुलगी येऊन उभी राहते. शिक्षक का-कू करतात. पण ती सगळ्या मुलांहून सरस खेळते, तेव्हा त्यांचा इलाज चालत नाही. आघाडीला खेळणारा ग्रेगरी मागे गोलरक्षक म्हणून जातो आणि त्याची जागा डोरोथी घेते.

आपल्याकडच्या पटकथेत येथे मध्यंतर झाले असते आणि नायकाने सूडाची प्रतिज्ञा केली असती. ग्रेगरी मात्र डोरोथीच्या प्रेमात पडतो! मुलींनी फुटबॉल खेळावा हे मित्राला रुचत नाही, तेव्हा हा तिची बाजू घेऊन नव्या जमान्याचे गुण गातो. यात उदारपणा किती आणि भुललेपणा किती हे त्याचे त्यालाही ठाऊक नाही. तिला इटालियन येते म्हणून हाही इटालियन शिकायला धडपडतो. जागा गेल्याचे दुःख त्याला शिवत नाही. आपल्यापेक्षा सरस माणसाकडे मत्सर न करता पाहता येते, हे तो नकळत शिकतो आणि आपल्यालाही शिकवतो.

या खेळाला एक इतिहास आहे. स्त्रियांच्या फुटबॉलला आपली मैदाने वापरू द्यायची नाहीत, असा ठराव इंग्लंडच्या फुटबॉल संघटनेने १९२१ साली केला आणि पुढची पन्नास वर्षे तो टिकला. स्कॉटलंडची संघटना तर त्याहून हट्टी. तिने स्त्रियांच्या खेळाला मान्यता दिली ती १९७४ साली. म्हणजे डोरोथी १९८०च्या उन्हाळ्यात कॅमेऱ्यापुढे चेंडू घेऊन धावली, तेव्हा त्या मान्यतेला जेमतेम सहा वर्षे झाली होती. चित्रपटात याचा चकार शब्दही निघत नाही. तरी शिक्षकांच्या त्या का-कू करण्यामागे केवढी भिंत उभी होती, हे जाणणाऱ्याला जाणवते.

सर्वांत मार्मिक प्रसंग घरच्या दारातला आहे. ग्रेगरीची दहा वर्षांची धाकटी बहीण मॅडलीन ही घरातली खरी शहाणी. कपडे कोणते घालावे, मुलीशी बोलावे कसे, हे सल्ले दादा तिच्याकडूनच घेतो. पण तिच्याच वयाचा एक मुलगा तिला भेटायला सभ्यपणे दारात येतो, तेव्हा हेच दादासाहेब एकदम घरचे कर्ते पुरुष होतात आणि त्या पोराला दरडावून वाटेला लावू पाहतात! हे पाहून आपण पोट धरून हसतो आणि हसता हसता थबकतो. कारण हा दादा आपल्या ओळखीचा आहे. दुसऱ्याच्या बहिणीसाठी कवी आणि स्वतःच्या बहिणीसाठी फौजदार, अशी दुहेरी नोकरी करणारे किती तरी दादा आपल्या गल्लीतही आहेत.

आणि शेवटची ती संध्याकाळ! मित्राचे जाकीट उसने घालून ग्रेगरी गावच्या घड्याळाखाली डोरोथीची वाट पाहतो. डोरोथी येत नाही. तिची मैत्रीण येते. ती त्याला दुसरीच्या हवाली करते, दुसरी तिसरीच्या, आणि ती तिसरी म्हणजे सूझन. हा सारा बेत मुलींनी आपसांत आधीच ठरवलेला आहे, हे त्या भोळ्या शंकराला फार उशिरा उमगते. मग बागेत गवतावर उताणे पडून, नुसते हात हलवत, दोघे नाचतात. अंगाला अंग न लावता केलेला हा नाच अनेक शृंगारगीतांपेक्षा सुंदर आहे. 'शाळा' (२०१२) या मराठी चित्रपटात मुकुंद जोशी शिरोडकरकडे चोरून पाहत राहतो आणि अखेरीस ती दूर निघून जाते. तेथे निर्णय मोठ्यांचे. येथे निर्णय मुलींचे. एवढाच फरक, पण केवढा मोठा!

चित्रपट निर्दोष आहे असे मात्र मी म्हणणार नाही. सुरुवातीलाच ही मुले अंधारात लपून एका परिचारिकेच्या खिडकीतून डोकावतात. दिग्दर्शक त्यांच्या बावळटपणाला हसतो खरा. पण त्या परिचारिकेच्या बाजूने पाहिले तर त्यात हसण्याजोगे काही नाही. दुसरे असे की, मुलींना सारे काही कळते आणि मुलांना काहीच कळत नाही, हीही एक सोयीची समजूतच आहे. डोरोथीला कसले भय वाटते, तिला काय हवे आहे, हे आपल्याला कळत नाही. देव्हाऱ्यात बसवलेल्या मुलीचे मन विचारले जात नाही, हे येथेही थोडेफार खरे आहे.

'यात घडते तरी काय?' असा आक्षेप कोणी घेईल. शाळेच्या व्हरांड्यातून पेंग्विनचा वेष घातलेले एक मूल या वर्गातून त्या वर्गात फिरत राहते आणि ते का, हे शेवटपर्यंत कोणी सांगत नाही. पण त्या वयात आपण सगळेच थोडेसे असे नसतो काय? न शोभणारा वेष घालून, चुकीच्या दारांवर टकटक करत हिंडणारे?

आपल्या स्नेहसंमेलनातील फिशपाँडमध्ये बहुधा कोणाला तरी रडवून बाकीचे हसतात. 'ग्रेगरी'त कोणालाही न रडवता सगळे हसतात. विद्यार्थ्यांच्या चित्रपट मंडळांनी हा चित्रपट जरूर मिळवून दाखवावा आणि मुलामुलींनी तो एकत्र बसून पाहावा. त्यानंतरही 'माझी मैत्रीण' असे आपण म्हणत राहूच. भाषेला दुसरा इलाज नाही. फक्त त्या 'माझी'तली मालकी गळून पडावी आणि निव्वळ आपुलकी उरावी.