नकाशावरचा हिरवा चौकोन

जळगावहून धुळ्याला जाणारा माणूस पूर्वी रस्त्याकडेच्या शेतांवरून सालाचा अंदाज बांधत असे. पाळधी, एरंडोल, पारोळा, मुकटी, फागणे अशी गावे मागे पडत जात आणि कपाशीला बोंडे किती, विहिरीला पाणी किती यावर एसटीच्या बाकांवर चर्चा रंगे. आता त्याच रस्त्यावर शहर संपले तरी बराच वेळ संपत नाही. बांधाच्या जागी सिमेंटचे खांब दिसतात, मुरमाचे आखलेले रस्ते दिसतात आणि दर्शनी भागात एक कमान. कमानीवर देवाचे, आईचे नाही तर नातवाचे नाव, पुढे 'नगर', 'पार्क' किंवा 'व्हिला'. आत आठ-दहा नवी कोरी रो-हाउसेस आणि त्यांच्या मागे गेल्या हंगामातल्या पऱ्हाट्या तशाच उभ्या. जळगावच्या पिंप्राळा-निमखेडीकडे जा किंवा धुळ्याच्या देवपूर-वलवाडीकडे, चित्र सारखेच.

या घरांना नावे ठेवणाऱ्यांपैकी मी नाही. ती कोण घेते, हे मी बँकेच्या काउंटरच्या आतल्या बाजूने पुष्कळ वर्षे पाहिले आहे. जिल्हा परिषदेचा शिक्षक, ग्रामसेवक, एसटीचा वाहक, केळीचे दोन हंगाम चांगले साधलेला रावेर-यावलकडचा शेतकरी, सुरतेला पोटासाठी गेलेला आणि म्हाताऱ्या आई-बापासाठी 'आपल्या मुलखात' चार भिंती हव्या असलेला मुलगा. गावातल्या धाब्याच्या घराच्या वाटण्या होऊन वाट्याला एक खण आलेला असतो. मुलीला कॉलेजात घालायचे असते. अशा माणसाने आयुष्यभराची पुंजी आणि पुढच्या वीस वर्षांचा पगार एका घरात ओतला, तर त्यात हसण्यासारखे काही नाही. उलट इतके मोठे धाडस करणारा हा माणूस घर घेताना नेमके काय पाहतो, याचीच काळजी वाटते.

तो फरशी पाहतो. स्वयंपाकघराचा ओटा, देवघराची दिशा, बाथरूममधल्या टाइल्स, जिन्याचे स्टीलचे कठडे पाहतो. घर पाहायला तो बहुधा दिवाळीनंतर येतो. तेव्हा हवा गोड असते, जमीन घट्ट असते आणि भिंतींवरचा रंग ओला असतो. खरे तर आपल्याकडची घरे श्रावणात पाहावीत. तापी-गिरणेच्या खोऱ्यातली काळी माती कापसाला जेवढी मानवते तेवढी घराला मानवत नाही. पावसात ती फुगते, उन्हाळ्यात आकसून तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. वरचे घर तिच्यासोबत हलते. खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी चीर निघते, फरशी मध्येच उचलली जाते. जुने गवंडी मुरूम लागेपर्यंत पाया खणल्याशिवाय दगड ठेवत नसत. पाया कुठवर गेला हे फरशी पाहून कळत नाही. त्यासाठी विचारावे लागते, आणि शेजारी काम चालू असेल तर खड्ड्यात डोकावून पाहावे लागते. हीच माती सांडपाणीही चटकन शोषत नाही. गटार नसलेल्या कॉलनीत बिल्डर शोषखड्डा दाखवतो. दोन पावसाळ्यांनी तो खड्डा पाणी शोषायचे सोडून ओसंडायला लागतो.

पण पायाची चूक निदान ज्याची त्याला भोगावी लागते. मला आज बोलायचे आहे ते सगळ्यांनी मिळून गमावायच्या एका गोष्टीबद्दल. मंजूर ले-आउटच्या नकाशावर एक हिरवा चौकोन असतो. त्यावर 'खुली जागा' असे लिहिलेले असते. घर घेणाऱ्या शंभरांतले पाच जणही तो चौकोन पाहत नसावेत, असा माझा अनुभव आहे.

एका शाखेत असताना गृहकर्जाची एक फाइल माझ्यासमोर आली. अर्जदार शिक्षक, सेवेची बारा-तेरा वर्षे उरलेली, पगाराचा दाखला चोख. सातबारा होता, फेरफार होते, बिगरशेतीचा आदेश होता, वकिलाचा तीस वर्षांचा सर्च रिपोर्ट होता. जमिनीच्या मालकीत खोट नव्हती. फक्त घराच्या प्लॉटचा नंबर होता '१४-अ'. मंजूर नकाशा काढून पाहिला, तर त्यात १४ होता, १५ होता. १४-अ कुठेच नव्हता. ज्या ठिकाणी तो असायला हवा तिथे हिरवा चौकोन होता. मुलांनी खेळायची, पुढेमागे पाण्याची टाकी किंवा बालवाडी व्हायची जागा. तिच्यावर पाच रो-हाउसेस उभी होती आणि चारांत माणसे राहत होती.

मी गुरुजींना बोलावून नकाशा दाखवला. त्यांनी बराच वेळ त्यावर बोट ठेवून पाहिले आणि म्हणाले, "साहेब, मग शेजारच्या चौघांना कर्ज कसं मिळालं?" प्रश्न रास्त होता. त्या चौघांची कर्जे वेगवेगळ्या ठिकाणची होती आणि प्रत्येक ठिकाणी मालकी तपासली गेली होती, नकाशा नाही. मी कर्ज नाकारले. गुरुजींनी सौदा पावती करून इसाराचे पैसे दिलेले होते. ते परत मिळण्याची आशा नव्हती. त्यांनी एका पतपेढीकडून जास्त व्याजाने पैसे उचलले आणि घर घेतलेच. काही वर्षांनी मुलीच्या लग्नासाठी ते विकायला काढले, तेव्हा प्रत्येक गिऱ्हाइकाच्या बँकेने तोच नकाशा पुढे केला. विकणारा बिल्डर तोवर दुसऱ्या गावी दुसरी कमान उभारत होता.

यात फसले कोण? गुरुजी तर फसलेच. पण त्या ले-आउटमधली ज्यांची कागदपत्रे निर्दोष होती, तीही सगळी घरे फसली. त्यांनी प्लॉटच्या किमतीत त्या मोकळ्या जागेचे पैसे मोजले होते. नियम काही नवा नाही. महाराष्ट्रात २०२० च्या डिसेंबरात लागू झालेल्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीतही ०.४ हेक्टर, म्हणजे साधारण एक एकर आणि त्याहून मोठ्या ले-आउटमध्ये किमान दहा टक्के जागा खुली ठेवावी लागते. पाच एकरांच्या शेताला हे वीस गुंठे होतात. कोणताही बिल्डर ते वीस गुंठे पदरचे देत नाही. उरलेल्या प्लॉटच्या दरात ते वाटलेले असतात. म्हणजे ज्या जागेचे पैसे सगळ्यांनी दिले, तिच्याकडे लक्ष द्यायला मात्र कोणी नाही.

कोणी नाही, याला कारण आहे. आपल्या शहरांतल्या जुन्या वसाहतींची नावे आठवा. शिक्षक कॉलनी, पोस्टल कॉलनी, अमुक कर्मचारी गृहनिर्माण संस्था. तेव्हा बँका घरासाठी फारसे कर्ज देत नसत. गृहकर्जासाठी म्हणून निघालेली एचडीएफसी १९७७ ची, राष्ट्रीय गृहनिर्माण बँक १९८८ ची. त्याआधी चाळीस-पन्नास नोकरदार एकत्र येत, १९६० च्या सहकार कायद्याखाली संस्था नोंदवत, शेत घेत आणि मग चिठ्ठ्या टाकून प्लॉट वाटत. त्या संस्थांतही भांडणे होती, दप्तर दडवणारे चेअरमन होते. पण जमीन आधी सगळ्यांची होती आणि मग ज्याची त्याची. त्यामुळे मधल्या मैदानात कोणी खुंटी ठोकली, तर वार्षिक सभेत विचारणारा एक तरी सभासद असे. आज उलटे झाले आहे. प्रत्येकजण एकेकटा येतो, एकेकटा कर्ज घेतो, आपल्या कंपाउंडची भिंत वीतभर पुढे सरकवतो आणि गेट लावून घेतो. फ्लॅटच्या इमारतीत जिना आणि लिफ्ट तरी शेजाऱ्यांना एकत्र बसवतात. प्लॉटच्या कॉलनीत तेवढेही निमित्त नसते.

धुळेकरांना तर हे वेगळे सांगायला नको. इंग्रजी अंमल आल्यावर १८१९ च्या सुमारास कॅप्टन जॉन ब्रिग्जने नव्या धुळ्याची आखणी केली, ती आधी सरळ रस्ते पाडून. मग व्यापाऱ्यांना बाहेरून बोलावून घरांसाठी जागा दिल्या. ब्रिग्जला खानदेशचा महसूल हवा होता, त्याला संत करायचे कारण नाही. पण आधी रस्ता आणि मग घर, हा क्रम त्याने पाळला. म्हणूनच दोनशे वर्षांनंतरही जुन्या धुळ्यातला पत्ता गल्लीच्या नंबरावरून सापडतो. जळगाव आणि धुळे या दोन्ही नगरपालिकांच्या २००३ मध्ये महापालिका झाल्या; हद्दीबाहेर मात्र घर आधी, रस्ता नंतर आणि गटार देवाच्या मर्जीने, असाच क्रम राहिला. ती वस्ती हद्दीत आली की पाणी मागते. वाघूर धरणाचे असो की तापीचे, पाणी टाकीतूनच यायला हवे, आणि टाकीला जागा हवी. ती शोधायला अभियंता नकाशा उलगडतो, तेव्हा हिरव्या चौकोनावर कोणाचे तरी देवघर झालेले असते.

आता कायदा आला आहे ना, असे कोणी म्हणेल. आला आहे आणि चांगला आहे. १ मे २०१७ पासून महारेरा काम करू लागले. नोंदणीकृत करार केल्याशिवाय दहा टक्क्यांहून जास्त रक्कम घेता येत नाही. घेतलेल्या पैशांतले सत्तर टक्के वेगळ्या खात्यात ठेवावे लागतात. बांधकामात दोष निघाला तर ताबा दिल्यापासून पाच वर्षे जबाबदारी बिल्डरची. पण त्याच कायद्यात पाचशे चौरस मीटरपर्यंतच्या जमिनीला किंवा आठपर्यंतच्या घरांना नोंदणीतून सूट आहे. आणि आपल्याकडचा छोटा बिल्डर काय करतो? तयार ले-आउटमधले दोन प्लॉट घेतो, चार रो-हाउसेस बांधतो, विकतो, पुढे सरकतो. मुंबई-पुण्याचे मनोरे डोळ्यांपुढे ठेवून विणलेल्या जाळ्यातून खानदेशातले हे छोटे मासे सहज निसटतात.

बांधणारी सार्वजनिक संस्था असली म्हणजे निर्धास्त राहावे, असेही नाही. जळगाव नगरपालिकेची १९९० च्या दशकातली घरकुल योजना हजारो गरिबांसाठी होती. बरीच घरे अर्ध्यावर राहिली. त्या प्रकरणी ऑगस्ट २०१९ मध्ये धुळ्याच्या विशेष न्यायालयाने ४८ जणांना दोषी ठरवले. त्यावर अपिले झाली, तो न्यायालयांचा विषय. आपण एवढेच लक्षात ठेवायचे, की निकाल येईपर्यंत घराची वाट पाहणाऱ्याचा मुलगा बाप झालेला असतो.

मग सामान्य माणसाने पाहायचे तरी किती? सातबारा पाहायचा, जमीन भोगवटादार वर्ग दोनची किंवा आदिवासी खातेदाराची तर नाही ना हे पाहायचे, भोगवटा प्रमाणपत्र मागायचे, माती पाहायची, आणि वर नकाशाही? ही तक्रार खरी आहे. म्हणून माझे म्हणणे घर घेणाऱ्याला कमी आणि घर विकू देणाऱ्यांना जास्त आहे. प्रत्येक खरेदीखताला अंतिम मंजुरीचा ले-आउट जोडल्याशिवाय दस्त नोंदवू नये. गृहकर्ज देणाऱ्या प्रत्येक बँकेने मालकीच्या सर्चइतकाच नकाशाचा आग्रह धरावा. एका बँकेने नाकारलेले दुसऱ्या दारी चालते, म्हणूनच १४-अ जन्माला येतो. आणि महापालिकेने किंवा ग्रामपंचायतीने कमानीच्या खांबाशेजारी तो नकाशा पत्र्यावर रंगवून लावावा, मोकळ्या जागेच्या क्षेत्रफळासह. कमान रंगवायला जेवढा रंग लागतो, त्याच्या निम्म्यातही हे काम होईल.

ते होईपर्यंत राहणाऱ्यांनीच हालचाल करायला हवी. वास्तुशांतीला आपण अख्ख्या कॉलनीला जेवायला बोलावतो. तेवढीच माणसे आणखी एकदा जमवून नगररचना कार्यालयातून नकाशाची प्रत काढावी, टेप घेऊन खुली जागा मोजावी, तिच्या कडेने पाच-पंचवीस निंब लावावेत आणि रहिवाशांची एक संस्था नोंदवून टाकावी. एकट्या माणसाने हटकले तर तो भांडखोर ठरतो. चाळीस सह्यांच्या अर्जाला कचेरीत निदान आवक क्रमांक तरी पडतो. आणि निंब मोठे झाले, की तिथे खुंटी ठोकायला येणाऱ्याला आधी कुऱ्हाड काढावी लागते. ती चाळीस घरांच्या देखत काढणे तेवढे सोपे नसते.